झाडलोटीच्या यादीतले पहिले नाव

2025च्या मे महिन्यात स्पेनमधल्या आल्बा दे तोर्मेस या लहानशा गावात सोळाव्या शतकातली धर्मभगिनी, अविलाची संत तेरेसा, हिचा मृतदेह दोन आठवडे लोकांच्या दर्शनासाठी ठेवला होता. आदल्या वर्षी ऑगस्टमध्ये तिची शवपेटी उघडली, ती 1914 नंतर पहिल्यांदाच. रांगा लागल्या आणि त्यांच्याबरोबर एक जुना वादही पुन्हा सुरू झाला. चारशे वर्षांनंतरही देह टिकला यातच सगळे आले, असे काही भाविकांचे म्हणणे. हाडे हाताशी आलीच आहेत तर या बाईला नेमका कोणता आजार होता ते एकदाचे ठरवून टाका, असे दुसऱ्यांचे. आणि ती मुळात पुरुषसत्तेशी भांडणारी बंडखोर स्त्री, चर्चने तिला देव्हाऱ्यात बसवून गप्प केले, असे तिसऱ्यांचे. मराठी वाचकाला हा वाद फार लांबचा वाटू नये. त्याच्या थोडेच आधी, नोव्हेंबर 2024 ते जानेवारी 2025 या काळात, जुन्या गोव्यात फ्रान्सिस झेवियरचे दहा वर्षांनी होणारे शवदर्शन झाले, आणि तिथेही श्रद्धा, विज्ञान व इतिहास यांची अशीच ओढाताण झाली. तेरेसा आणि झेवियर यांना संतपद मिळाले तेही एकाच दिवशी, 12 मार्च 1622 रोजी.

माझे म्हणणे असे, की या वादातल्या तिन्ही बाजूंनी तेरेसाचा आपापल्या सोयीचा भाग तेवढा उचललेला आहे. तिचे दृष्टान्त आणि तिने घडवलेली धर्मसुधारणा ही दोन वेगळी प्रकरणे नाहीत. दृष्टान्तांनी तिला सुधारणेकडे ढकलले, आणि ते दृष्टान्त खरे की खोटे हे तिने स्वतः त्यांच्यातून निपजलेल्या कामावरून जोखले. एक बाजू वगळून दुसरीचे कौतुक करणारा माणूस तिच्याविषयी बोलतच नसतो. (कोलकात्याच्या मदर तेरेसा वेगळ्या. त्यांनी नाव घेतले ते फ्रान्समधल्या लिझ्यूच्या तेरेसावरून, आणि ती धर्मभगिनी मात्र आपण जिच्याविषयी बोलतो आहोत तिनेच उभ्या केलेल्या, कार्मेल या कॅथलिक पंथाच्या सुधारित परंपरेतली.)

तिचा जन्म 28 मार्च 1515चा, कॅस्टिलमधल्या तटबंदीच्या अविला शहरातला. आजोबा हुआन सांचेझ हे तोलेदोचे कापडव्यापारी. मूळचे ज्यू, ख्रिस्ती झालेले. चोरून जुने आचार पाळल्याच्या आरोपावरून 1485 साली इन्क्विझिशनने, म्हणजे पाखंड शोधणाऱ्या धर्मन्यायालयाने, त्यांना शिक्षा केली. सांबेनितो नावाचा शिक्षेचा अंगरखा घालून सात शुक्रवार त्यांना तोलेदोतल्या चर्चांपुढून चालवले. पुढे कुटुंब अविलाला आले, तेरेसाच्या वडिलांनी आणि काकांनी न्यायालयात दावा लढवून खानदानीपणाचा शिक्का मिळवला आणि आजोबांची गोष्ट घरात पुरली गेली. एकामागून एक बाळंतपणे झालेली आई तेहतिसाव्या वर्षी वारली. विसाव्या वर्षी तेरेसा अविलाच्या एन्कार्नासिओन मठात दाखल झाली. मठात दीडशेहून अधिक स्त्रिया होत्या, पण बाहेरची उतरंड आतही शाबूत होती. घराण्याच्या मुलींना ‘दोन्या’ ही मानाची उपाधी, स्वतंत्र खोल्या, दासी. गरीब घरच्या मुली सामायिक दालनात. मठाची मिळकत इतकी तुटपुंजी, की सगळ्यांना पुरेसे जेवण घालता येत नसे. तेरेसालाही स्वतंत्र खोल्या होत्या. त्या सुखवस्तू कोपऱ्यात तिने सत्तावीस वर्षे काढली.

आता आजाराचा मुद्दा. तो हलका नाही आणि त्याला अश्रद्धेचे लेबल लावून झटकून टाकणे अप्रामाणिकपणाचे होईल. आजारपणाची हकीकत तिनेच लिहून ठेवली आहे. 1539च्या ऑगस्टमध्ये ती चार दिवस निपचित पडली होती. मठात तिच्यासाठी थडगे खणून तयार होते. शुद्धीवर आली तेव्हा पापण्यांवर मेणबत्तीचे मेण होते. पुढची जवळजवळ तीन वर्षे हातापायांत बळ नव्हते. डोक्यात नद्या वाहिल्यासारखे आवाज येतात, असे तिने साठी उलटल्यावरही लिहिले. आजच्या मेंदुविकारतज्ज्ञांपैकी काहींना यात अपस्माराची लक्षणे दिसतात, आणि तसे असू शकते. 1895 साली योझेफ ब्रॉयर या व्हिएन्नाच्या डॉक्टरने तिला हिस्टेरियाची आश्रयदाती संत म्हटले, ते वाक्य तेव्हापासून फिरते आहे. पण ते फिरवणारे त्याचा उरलेला भाग सोडून देतात. ब्रॉयर तिथे असे म्हणत होता, की हिस्टेरिया असला म्हणजे बुद्धी आणि कर्तृत्व नसते हा समज खोटा; आणि दाखला म्हणून त्याने तेरेसाचे नाव घेतले, प्रतिभावान आणि विलक्षण व्यवहारकुशल बाई म्हणून. मग त्याच्या नावावर तिला वेडी ठरवण्याचा उद्योग कशासाठी?

दोस्तोयेव्स्कीला अपस्मार होता. म्हणून त्याच्या कादंबऱ्या झटक्यांनी लिहिल्या असे कोणी म्हणते का? अनुभव कुठून आला या प्रश्नाचे उत्तर मिळाले म्हणजे तो अनुभव काय किमतीचा याचे उत्तर मिळत नाही. शिवाय हा प्रश्न आधुनिकांनी तेरेसाला विचारला असे समजणेच चूक. तो तिने स्वतःला वीस वर्षे विचारला. मठातल्या काही भगिनी तासन्‌तास समाधीत गेल्यासारख्या पडून राहत, उपास आणि जागरणांनी खंगलेल्या असत. तेरेसाने त्यावर लिहून ठेवलेला उपाय असा: उपास कमी करा, प्रार्थनेचे तास कमी करा, जेवू घाला, झोपू द्या, बहुधा ही ‘समाधी’ ओसरेल. विषादाने ग्रासलेल्या भगिनींना कसे सांभाळावे यावर तिने एक अख्खे प्रकरण लिहिले आहे. सोळाव्या शतकातल्या एका गूढवादी बाईने गूढानुभवाविषयी बाळगलेला हा संशय तिच्यावर संशय घेणाऱ्यांनी आधी वाचावा.

मग खऱ्याखोट्याची तिची कसोटी कोणती? 1577 साली, जून ते नोव्हेंबर या काळात, तिने ‘अंतरीचा किल्ला’ लिहिला. आत्मा म्हणजे सात दालनांचा किल्ला आणि सर्वांत आतल्या दालनात देव, अशी त्याची रचना. वाचकाला वाटते, सातव्या दालनात परमानंदाचे वर्णन असेल. ते आहेही, पण ग्रंथाचा शेवट तिथे होत नाही. ती म्हणते, प्रार्थना असते ती याचसाठी, की तिच्यातून कृती जन्माला यावी, सतत कृती. पाचव्या दालनात तर ती चिडलेलीच दिसते. भक्तीची गोडी निसटेल या भीतीने हलायलाही तयार नसलेल्या भगिनींना ती सांगते: नाही, हे नव्हे, देवाला काम हवे आहे. शेजारी एखादी आजारी असेल तर तुमची भक्ती खुशाल मोडा, तिच्या वेदना हलक्या करा, आणि तिला जेवता यावे म्हणून गरज पडली तर तुम्ही उपाशी राहा. दैवी अनुभवाला यापेक्षा कठोर परीक्षा एखादा विवेकवादी तरी लावील का?

आणि काम झाले. 24 ऑगस्ट 1562 रोजी अविलातच सान होसे या छोट्या मठात चार तरुणींनी दीक्षा घेतली. भगिनींची संख्या मर्यादित, सुरुवातीला तेराच. ठरावीक उत्पन्नाची देणगी नको, कारण देणगीबरोबर देणगीदाराचा हक्क येतो. पायात तागाच्या वहाणा, अंगावर जाडेभरडे लोकरी कापड. ‘दोन्या’ ही उपाधी बंद. मठाच्या नियमावलीत एक कलम आहे: झाडलोटीच्या पाळ्यांची यादी मठप्रमुखापासून सुरू करावी, म्हणजे सर्व बाबतींत तिचे उदाहरण राहील. एन्कार्नासिओनमध्ये दासी बाळगणाऱ्या बायकांच्या जगातून निघालेल्या कोणी हे कलम लिहिणे म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको. शहर भडकले. बिनउत्पन्नाचा आणखी एक मठ पोसायचा कोणी, म्हणून नगरसभा बसली, अधिकारी दारावर जाऊन बाहेर पडा म्हणाला, खटला उभा राहिला. चार मुली आणि एक घंटा, एवढ्याने शहर हादरले, कारण मठातल्या जागा, मान आणि दफनाचे हक्क यांवर घराण्यांची पत उभी होती.

पुढच्या वीस वर्षांत मठांची संख्या 17 झाली. मेदिना देल काम्पोची हकीकत तिच्याच शब्दांत मिळते. 14 ऑगस्ट 1567च्या मध्यरात्री त्या गावात पोहोचल्या. दुसऱ्या दिवसाच्या झुंजीचे बैल त्याच वेळी आत आणत होते. त्यांच्या वाटेतून जीव मुठीत धरून, मिस्साची, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेची, सामग्री डोक्याखांद्यावर घेऊन या बायका चालत गेल्या. घर पाहिले तर भिंती पडलेल्या. रात्रभर राडारोडा उपसून पहाटे वेदी उभी केली, मिस्सा झाली. उजाडल्यावर कळले, की पवित्र साक्रामेंत, म्हणजे ख्रिस्ताचे शरीर मानलेली भाकर, जवळजवळ रस्त्यावरच आहे. तेरेसाने राखणीला माणसे ठेवली. ती झोपतील म्हणून रात्री स्वतः उठून चांदण्यात खिडकीतून पाहत राहिली. या बाईला शिल्पकार बर्निनीच्या पुतळ्यावरून ओळखायचे? रोममधला तो पुतळा ती गेल्यावर सत्तर वर्षांनी घडला. डोळे मिटलेली, ओठ उघडे, देवदूताच्या बाणापुढे कोसळणारी ती स्त्री शिल्प म्हणून अद्‌भुतच आहे. तो बाणाचा प्रसंगही तिने खरोखर लिहिला आहे, पण आत्मचरित्रातल्या एका प्रकरणाच्या शेवटच्या थोड्या ओळींत. घरांचे सौदे, कर्ज, वकील, धान्य, आजारी भगिनींची औषधे यांनी भरलेली तिची साडेचारशेवर पत्रे मात्र कोणाला आठवत नाहीत.

इथे सर्वांत टोकदार आक्षेप येतो आणि तो मला महत्त्वाचा वाटतो. तेरेसाला जे करायचे असे तेच देव तिला करायला सांगे, हे फार सोयीचे नाही का? तोलेदोचे उदाहरण घ्या. 1569 साली तिथे मठ उभा राहिला तो मार्तिन रामिरेझ या व्यापाऱ्याच्या पैशावर. बदल्यात मुख्य वेदीजवळच्या दफनाच्या जागेवर त्याच्या घराण्याचा हक्क. शहरातल्या बड्यांनी आक्षेप घेतला: हा मान खानदानी माणसाचा. तेरेसा डगमगली, हे तीच कबूल करते. मग प्रभूने आपल्याला सांगितले, असे ती लिहिते, की देवाच्या न्यायासनापुढे या कुळांची आणि दर्जांची किंमत शून्य. आणि असल्या बोलण्याकडे कान दिलास म्हणून खरडपट्टीही काढली. ज्या शहरात आजोबांना शिक्षेचा अंगरखा घालून फिरवले, त्याच शहरात नातीला हा दृष्टान्त झाला. त्यात दबलेल्या आठवणीचा वाटा असेल, असे मलाही वाटते. असेना! माणसाचे सगळे जगणे मागे ठेवून देवाचा आवाज हवेतून यावा अशी अट कोणी घातली? आणि ‘सोयीचे’ म्हणताना हेही पाहायला हवे, की त्या काळात हे बोलणे कोणाच्या सोयीचे होते. तोलेदोच्याच कॅथीड्रलने 1547 साली रक्तशुद्धीचा नियम लागू केलेला होता. ज्यू किंवा मूर, म्हणजे मुस्लिम, वंशाच्या माणसाला तिथे पद नाही. तेरेसाच्या नियमावलीत मात्र दीक्षेसाठी रक्तशुद्धीची अट नाही. ती गेल्यावर काही वर्षांतच तिच्या पंथाने ती अट आणली, यावरूनच कळते की वाऱ्याची दिशा कोणती होती. तिला गैरसोयीचे झाले ते वेगळेच. सान होसेची परवानगी 1560च्या अखेरीस वरिष्ठांनी मागे घेतली तेव्हा ती पाच-सहा महिने गप्प बसली. गुरूंनी हे दृष्टान्त सैतानाचे ठरवून, ख्रिस्त दिसला की त्याला अपमानाची खूण कर, असे फर्मावले तेव्हा रडत रडत तीही केली.

स्त्रीच्या हाती अधिकार येण्याचा रस्ता तेव्हा होता तरी कोणता? धर्मशास्त्र शिकायला बंदी, प्रवचनाला बंदी. 1559 साली तर इन्क्विझिशनने बंदी घातलेल्या पुस्तकांची यादी काढली आणि लॅटिन न येणाऱ्यांची, म्हणजे मुख्यतः बायकांची, अध्यात्मावरची लोकभाषेतली कितीतरी पुस्तके गेली. तेरेसा हळहळली, मी तुला जिवंत ग्रंथ देईन, असे प्रभू म्हणाला, असे ती सांगते. आपल्याकडे पुढच्या शतकात बहिणाबाईंना तुकोबांचा अनुग्रह स्वप्नात झाला. ब्राह्मण घरातल्या बाईने त्यांना गुरू करण्याचा दुसरा मार्ग जातीने आणि नवऱ्याने बंदच केला होता. दोघींची जुळवाजुळव करून तेरेसाला स्पेनची बहिणाबाई करण्यात अर्थ नाही, एकीचा संसार आणि दुसरीचा मठ यांत फार अंतर आहे. पण जिथे गुरू, ग्रंथ आणि व्यासपीठ बंद असते तिथे दृष्टान्त हाच ज्ञानाचा परवाना होतो, ही गोष्ट दोन्हीकडे सारखी आहे. तो परवाना धोक्याचाही होता. 1310 साली पॅरिसमध्ये मार्गरीत पोरेतला तिच्या ग्रंथापायी जाळले. 1546 साली कोर्दोबाच्या माग्दालेना दे ला क्रूस या ख्यातनाम मठप्रमुखेने आपले चमत्कार सैतानाशी केलेल्या करारातून आल्याची कबुली दिली आणि तिला शिक्षा झाली. तेरेसाच्या गुरूंच्या डोळ्यांसमोर तेच उदाहरण होते. तिचे आत्मचरित्रही इन्क्विझिशनने ताब्यात घेतले, ते तिच्या हयातीत परत मिळाले नाही.

म्हणून तिला सरळ स्त्रीवादी म्हणावे? तिने एके ठिकाणी लिहिले होते, की या जगाचे न्यायाधीश आदामाचे पुत्र, सगळे पुरुषच, आणि स्त्रीचा कोणताही गुण त्यांना संशयास्पदच वाटतो. तपासनिसाने ते खोडले. दुसऱ्या हस्तलिखितात तो परिच्छेद नाही. पोपच्या वकिलाने तिला भटकी, अस्वस्थ, आज्ञाभंग करणारी, हट्टी बाई म्हटले. 1577 साली एन्कार्नासिओनमध्ये 55 भगिनींनी बहिष्काराची धमकी असूनही मठप्रमुखपदासाठी तिला मते दिली आणि बहिष्कृत झाल्या. हे सगळे खरे. पण कडक बंदिस्तपणाचा नियम तिनेच आग्रहाने आणला, आणि 4 ऑक्टोबर 1582 रोजी मरताना मी चर्चची कन्या म्हणून मरते असे म्हणाली, हेही तितकेच खरे. ते दडवून तिला आजच्या मोर्च्यात उभे करता येणार नाही. त्यातले पहिले समजून घेता येते: तो दरवाजा जसा भगिनींना अडवत होता तसा सरदारांनाही. नवऱ्याच्या हाताखाली कित्येकींचे आयुष्यच संपते, त्यातून देवाने तुम्हाला सोडवले, असे ती आपल्या भगिनींना लिहिते. आई तेहतिसाव्या वर्षी गेलेल्या मुलीने लिहिलेले हे वाक्य आहे.

तिच्याबद्दल मला खरी खंत वाटते ती वेगळ्या ठिकाणी. सान होसेचे घर उभे करायला पैसा आला तो क्वितोहून, भाऊ लोरेन्सोकडून. म्हणजे जिंकलेल्या अमेरिकेतून. तिथले लाखो आत्मे उपदेशावाचून नरकात जातात असे फ्रान्सिस्कन पंथाच्या एका धर्मगुरूने सांगितले तेव्हा ती ओक्साबोक्शी रडली; त्यांच्या जमिनी आणि शरीरे यांचे काय होते आहे याविषयी मात्र तिच्या लिखाणात फारसे काही सापडत नाही. तिचा पाठीराखा राजा दुसरा फिलिप 1580 पासून पोर्तुगालचा, म्हणजे गोवा आणि वसईचाही, धनी झाला. गोव्यात इन्क्विझिशन 1560 पासून चालू होतेच, आणि ते आणावे म्हणून 1546 साली राजाला पत्र लिहिणारा झेवियर हा तिच्याच शेजारी संतपदाला बसला. ज्या यंत्रणेने तिच्या आजोबांना धिंडीला लावले तिच्याविरुद्ध तिने उघडपणे एक शब्द लिहिला नाही. भीती होती हे कारण पुरेसे आहे, पण कारण म्हणजे क्षमा नव्हे. वसईच्या आणि गोव्याच्या ख्रिस्ती वाचकाला ही गोष्ट सांगताना मला ती गाळावीशी वाटत नाही. कुळाची किंमत शून्य हे तिला ज्या देवाने शिकवले, त्याचाच हिशेब समुद्रापलीकडे लावायला ती कमी पडली, असे तिच्याच मापाने म्हणता येते.

आणि ज्यांनी तिला पूर्ण गिळले त्यांचे काय? तिचा डावा हात 1583 साली तिच्याच निष्ठावंत सहकाऱ्याने कापून घेतला. तोच हात 1937 साली स्पेनच्या यादवी युद्धात मालागा पडल्यावर पुढे हुकूमशहा झालेल्या फ्रँकोकडे पोहोचला आणि 1975 साली मरेपर्यंत त्याने तो जवळ ठेवला. त्याच्या राजवटीत ती स्पॅनिश वंशाची संत होती. 1946 साली आजोबांच्या शिक्षेची आणि वडिलांच्या दाव्याची कागदपत्रे उजेडात आली, तरी ते विशेषण लगेच सुटले नाही. चर्चनेही घाई केली नाही. 1923 साली तिला धर्माचार्य ही पदवी द्यावी अशी विनंती गेली, तेव्हा लिंग आड येते असे उत्तर मिळाले. 27 सप्टेंबर 1970 रोजी पोप सहाव्या पॉलने ती पदवी तिला दिली, स्त्रियांत पहिलीच. लुईस दे लेओन या विद्वानाने, जो स्वतः इन्क्विझिशनच्या तुरुंगात जवळजवळ पाच वर्षे होता, तिचे ग्रंथ 1588 सालीच सालामांकात छापले होते. म्हणजे तिला आचार्य मानायला लागणारा मजकूर 382 वर्षे समोर होता.

मराठीत तिच्याविषयी लिहू पाहणाऱ्यांना माझी एक विनंती आहे. सुरुवात बाणाच्या प्रसंगापासून करू नका, हाडांच्या तपासणीपासूनही नको. तिने मठांच्या स्थापनेची जी बखर लिहिली तिच्यापासून करा. सालामांकाच्या ओसाड वाड्यात, पितरांच्या रात्री, सोबतची भगिनी घाबरून विचारते, मी आत्ता इथे मेले तर तुम्ही एकट्या काय कराल? तेरेसा उत्तर देते, तसे झाले तर तेव्हा बघीन, आत्ता मला झोपू दे. ते वाचून झाल्यावर ‘अंतरीचा किल्ला’ हातात घ्या. ज्या बाईने ते वाक्य लिहिले, तिच्याच हातून सातवे दालनही लिहिले गेले आहे, आणि ते वाचताना हा विचार मनात असला तर पुढचे सगळे भांडण वेगळ्या पायरीवरून सुरू करता येईल.